मधली सेकंदं

१

मायाचा फोन आला तेव्हा मी परळच्या माझ्या गाळ्यात एक प्रिंटर उघडून बसलो होतो. गुरुवार, सकाळचे साडेदहा.

"लवूदादा, तू दिलेला कॉम्प्युटर सारखा रीस्टार्ट होतोय."

"चालू केल्यावर लोगो येतो?"

"येतो. मग स्क्रीन काळी. सगळं बंद. मग आपोआप चालू. परत लोगो."

"असं किती वेळा झालं?"

"मोजलं नाही," ती म्हणाली, पण मोजलं असणार असं तिच्या आवाजावरून वाटलं.

"घाबरू नको, नव्या मशीनला होतं असं. दुपारी चक्कर टाकतो."

"दुपारी नको रे, आत्ताच ये ना. आता मधे जास्त वेळ जायला लागलाय."

हे शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. गिऱ्हाईक घाबरलं की काहीही बोलतं. बावीस वर्षं मी कॉम्प्युटर जोडून विकतोय. मशीन 'रडतंय' म्हणणारे भेटलेत, 'रुसलंय' म्हणणारेही.

मायाची गोष्ट वेगळी, कारण ती गिऱ्हाईक नव्हे. तिची आई, शेवंतीमावशी, नायगावच्या बीडीडी चाळीत खानावळ चालवायची. एका खोलीत तीस गिरणी कामगार पाळीपाळीनं जेवून जायचे. माझे बाबा लग्नाआधी आठ वर्षं तिच्याकडे जेवले. पुढं गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या डिलाईल रोडच्या घरी तिनं चार महिने भात आणि माशाची कढी पाठवली. आईनं कधी विषय काढला तर मावशी म्हणायची, "उरलेलां पाठवतंय गो, टाकूक नको म्हणान." ते उरलेलं नसायचं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आणि अंथरुणाला खिळलेली. जन्मभर चुलीचा नि स्टोव्हचा धूर खाल्लेली फुफ्फुसं. चाळ पाडली आणि नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर घर मिळालं, तिथं तिला खुर्चीत बसवून न्यावं लागलं होतं. माया एकेचाळीसची, लग्न केलेलं नाही. आईजवळ बसता यावं म्हणून तिनं नोकरी सोडली होती. आता एका विमा कंपनीचे कागद घरी बसून तपासायचं काम मिळालं होतं, ते सोमवारी सकाळी नऊला सुरू होणार होतं. त्यांना अमुक ताकदीचं मशीन हवं होतं, तसं मी निवडून निवडून जोडलं आणि मंगळवारी स्वतः नेऊन लावलं; बटण तेवढं तिच्या हातानं दाबायचं ठेवलं.

माझ्या हातचं मशीन होतं ते. प्रिंटर तसाच उघडा टाकला आणि निघालो.

२

हॉल लहान, पण उजेडाचा. एका भिंतीला मावशीची खाट, शेजारी ऑक्सिजनचं मशीन, त्याची नळी तिच्या नाकाला. समोरच्या भिंतीला टेबल. टेबलापाशी बसलं की खाट बरोबर पाठीमागं येते. घराचं दार खाटेच्या पायथ्याशी.

स्क्रीनवर मायानं जुनी ओढणी टाकली होती.

"धूळ बसते," मी न विचारताच तिनं सांगितलं.

मी ओढणी काढली आणि बटण दाबलं. पंखे फिरले, लोगो आला, लोगोखाली ठिपके गोल फिरू लागले. सगळं ठीक वाटत होतं. मग खट्कन आवाज आला आणि स्क्रीन काळी. पंखे हळू होत होत थांबले. चार-पाच सेकंदांनी मशीन आपणहून परत सुरू झालं.

या दुखण्याची कारणं ठरलेली असतात. रॅम नीट बसलेली नसते. वीज पुरवणारा सप्लाय कमजोर असतो. प्रोसेसरवरचा पंखा सैल असतो. नाहीतर कॅबिनेटचं रीसेट बटण आत अडकून राहिलेलं असतं, आणि मशीनला वाटतं की कोणीतरी सारखं बटण दाबतंय. मी रीसेटची वायर काढून टाकली. रॅमची एक पट्टी काढली, मग दुसरी. पंखा खोलून पेस्ट नव्यानं लावली. शेवटी सगळं कॅबिनेटच्या बाहेर काढून पुठ्ठ्यावर मांडलं आणि बटणाच्या पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून चालू केलं.

लोगो, ठिपके, खट्. काळं. मग परत चालू.

मला खटकली ती मधली सेकंदं. रीस्टार्ट म्हणजे सेकंदभराचा खेळ, पंख्याला थांबायलाही फुरसत नसते. हे मशीन पुरतं मरत होतं आणि मग उठत होतं.

मधल्या त्या शांततेत स्वयंपाकघरातून मायाचा आवाज आला. "आये!" एवढंच. मावशी झोपलेली होती, तिनं ओ दिली नाही. पंखे फिरायला लागले.

"मी हे गाळ्यावर नेतो," मी म्हटलं. "इथं नाही कळणार."

माया दारात आली. तिच्या हातात पिठाची परात होती. "नेलंच पाहिजे का?"

"उद्या सकाळी परत आणतो. सोमवारच्या आत नीट करून देतो, शब्द देतो तुला."

ती मशीनकडे बघत राहिली. मला वाटलं सोमवारची काळजी.

३

गाळ्यावर ते एकदाही बंद पडलं नाही. सहा तास चालवलं, जड जड प्रोग्रॅम टाकून तापवलं, वीस वेळा बंद-चालू केलं. लोण्यासारखं चाललं.

म्हणजे खोट मशीनमध्ये नाही, घरात आहे. आणि मग माझी ट्यूब पेटली: ऑक्सिजनचं मशीन! त्याचा कॉम्प्रेसर दर थोड्या वेळानं जोर मारतो, त्याच बोर्डावर हे जोडलंय, तेवढ्यात व्होल्टेज पडत असणार. मी स्वतःवरच हसलो. शुक्रवारी सकाळी एक यूपीएस आणि मीटर घेऊन नायगावला गेलो.

मायानं दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते.

"किती उशीर केलास," ती म्हणाली. सकाळचे नऊ वाजले होते.

मावशीनं काल दुपारपासून डोळे उघडले नव्हते. दोनदा श्वास अडकला, तेव्हा मायानं गदागदा हलवून तो परत आणला होता. डॉक्टर येऊन गेले. हॉस्पिटलात नेऊन काही उपयोग नाही, घरीच राहू दे, जवळ बसा, असं सांगून गेले.

"मग हे आज राहू दे," मी म्हटलं. "मी नंतर—"

"नाही. लाव. आत्ता लाव."

मी लावलं. यूपीएसवर लावलं. लोगो, ठिपके, खट्. यूपीएसचा दिवा हिरवा, मीटरचा काटा जागच्या जागी, व्होल्टेज कुठंही पडलेलं नाही. लांब वायर ओढून स्वयंपाकघरातल्या प्लगवर लावलं. तेच. वीज गेल्यावर आपोआप चालू होण्याची जी सेटिंग असते ती बंद केली. म्हणजे एकदा बंद पडलं की बटण दाबेपर्यंत उठायला नको.

उठलं.

शेवटी मशीन उचलून शेजारच्या सीमावहिनींकडे नेलं. भिंतीपलीकडे, एकाच मजल्यावर, एकाच लाइनवर. तिथं अर्धा तास सुरळीत चाललं. सीमावहिनींनी चहा केला. मी बशीत ओतणार तेवढ्यात माया दारात उभी.

"झालं ना बघून? आण परत. पटकन आण."

तिच्या पायात चप्पल नव्हती.

४

परत लावलं आणि खुर्चीत बसून राहिलो. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून घड्याळ लावून मधली सेकंदं मोजायला लागलो. काल चार-पाच होती. आता अकरा. पुढच्या वेळी बारा.

मोजताना माणूस कान देतो. तसा मी दिला, आणि माझ्या लक्षात आलं की मशीन बंद असताना खोली जरा जास्तच शांत होते.

पंखे थांबले म्हणून शांतता, हे खरं. पण ऑक्सिजनचं मशीन तर चालूच होतं, त्याची घुरघुर येत होती. तिच्याखालचा एक आवाज जात होता. कुठला आवाज, हे कळायला मला आणखी दोन फेऱ्या लागल्या.

मावशीचा श्वास.

मी खुर्ची वळवली आणि मशीनकडे पाठ करून मावशीकडे तोंड केलं. तिची छाती हलत होती, बारीक, चिमणीसारखी. हलता हलता थांबली. एक, दोन. मग माझ्या पाठीमागं खट्. पंखे थांबले. मी मोजत होतो की नाही ते आता आठवत नाही. स्वयंपाकघरातून मायाची हाक आली, "आये!" पाठीमागं पंखे सुरू झाले, आणि त्यानंतर, हो, त्यानंतरच, मावशीनं पाण्याखालून वर आल्यासारखा मोठा श्वास घेतला.

जाताना आधी ती. येताना आधी मशीन.

मी स्वतःला समजावलं. म्हाताऱ्या माणसांचा झोपेत श्वास अडकतो, माझ्या बाबांचाही अडकायचा. इकडे मशीनला स्वतःचा एक ताल आहे. दोन ताल मधेच जुळतात, दोन घड्याळांची टिकटिक कधीतरी एक होते तशी. पाच वेळा पाहिलं. पाचही वेळा जुळले.

सहाव्या श्वासाला तिनं डोळे उघडले. सरळ माझ्याकडे पाहिलं.

"पाताड्यांचो लवू मा तू?"

"हो मावशी."

"जेवलंस?"

"जेवलो."

तिच्या कपाळावर घाम होता. लांबून चालत आलेल्या माणसाला यावा तसा. ओठ हलले, मी खाली वाकलो.

"माका सारख्या सारख्या उठवू नको रे बाबा," ती म्हणाली. "दमलंय मी."

५

शनिवारी जायची इच्छा नव्हती. गेलो, कारण शब्द दिला होता आणि कारण माझा माझ्यावर विश्वास उरावा असं वाटत होतं. नवा कोरा सप्लाय पिशवीत घेतला. सप्लाय बदलला की सगळं थांबेल, हे मी वाटभर घोकत होतो.

दुपारचे बारा. मायाला औषध आणायला खाली जायचं होतं. "दहा मिनिटांत येते," ती म्हणाली. "मशीन बंद करू नको हं. आणि आईनं काही मागितलं तर देऊ नको."

"म्हणजे? पाणी पण नको?"

"पाणी दे," एवढंच म्हणून ती गेली.

खिडकीतून ऊन थेट फरशीवर आलं होतं. खाली कुठंतरी भाजीवाला ओरडत होता. एवढ्या भरदुपारी घाबरण्यासारखं काही नसतं. मी स्क्रीनवरची ओढणी काढली आणि सप्लाय खोलण्याआधी शेवटचं एकदा बघावं म्हणून बसलो.

लोगो. ठिपके. खट्.

स्क्रीन काळी झाली की तिच्यात खोली दिसते, बंद टीव्हीत दिसते तशी. माझं डोकं, माझे खांदे, खिडकीचं ऊन. माझ्यामागं खाट. खाटेवर मावशी उठून बसली होती. पाय खाली सोडलेले, पदर खांद्यावरून नीट घेतलेला.

आठ महिन्यांत तिला कोणी उठून बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी मागं वळणार तोच लोगोचा उजेड आला. वळून पाहिलं तर ती आडवी होती. नाकाला नळी, तोंड उघडं, श्वास ओढत होती.

स्क्रीनला बाक नव्हता, पण म्हटलं उजेडाचा खेळ असेल. चादरीचा उंचवटा असेल. रात्री झोपलो नव्हतो, तेही खरं होतं. मी परत स्क्रीनकडे तोंड केलं. उठून जायला हवं होतं, मला कळत होतं. पण वळून खाटेकडे बघत बसायचं धैर्य नव्हतं, आणि तिला एकटं टाकून जायचंही नव्हतं.

खट्.

या वेळी ती उभी होती. पाठ ताठ. खानावळीच्या दिवसांत दोन हातांत दोन पातेली घेऊन उभी राहायची, तशी. ती माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे चालत गेली, हळूहळू, भिंतीला हात न लावता. दारापाशी पोचून वाकली आणि फरशीवर इकडं-तिकडं बघू लागली. काहीतरी शोधत होती. सापडत नव्हतं.

मग तिनं मान वर करून दाराबाहेर पाहिलं. दार बंद होतं, मायानं जाताना ओढून घेतलेलं. तरी ती बाहेर बघत होती, आणि बाहेर कोणीतरी बोलल्यावर माणूस हलवतो तशी तिनं मान हलवली. 'आले, थांब,' अशी.

मी मोजत नव्हतो. मिनिट झालं असेल, जास्तही. कुलपात किल्ली फिरली, दार उघडलं आणि औषधांची पिशवी घेऊन माया आत आली. स्क्रीनमध्ये मी पाहिलं, ती मावशीच्या अगदी जवळून, जवळजवळ तिच्यातूनच, आत आली.

काळी स्क्रीन पाहताच मायाच्या हातातून पिशवी पडली. "आये!" ती ओरडली. "आये, ये! ये!"

पंखे फिरले.

६

मावशीचा श्वास लागायला वेळ लागला. लागला तेव्हा तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहत होतं. मायानं ते पदरानं पुसलं, नळी नीट केली, आणि मग माझ्यासमोर फरशीवरच बसली.

"तू बघितलंस," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मी तुला रीस्टार्ट थांबवायला बोलावलं नव्हतं, दादा. तो उशिरा चालू व्हायला लागला म्हणून बोलावलं. म्हटलं तू करशील काहीतरी. निदान मधे वेळ जाणार नाही असं."

"कधीपासून?"

"बुधवारी सकाळपासून. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हापासून." ती फरशीवर बोटानं रेघ ओढत होती. "मी टेबलाशी होते. आई पाठीमागून म्हणाली, माया, मी जातंय गो. अगदी साधं. बाजारात जाताना म्हणायची तसं. मी वळलेसुद्धा नाही. बटण दाबता दाबता म्हटलं, जातंय म्हणू नये, येतंय म्हण. आपण म्हणतोच ना? लहानपणी तिनंच मला थोबाडीत देऊन शिकवलंय. जाते म्हणू नये, येते म्हणावं."

"मग?"

"मग ती म्हणाली, बरां, येतंय." मायाचा चेहरा हलला. "आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडला. मी वळून बघितलं तर ती... मी तिचे पाय चोळले, हाका मारल्या. ये म्हटलं. तो चालू झाला आणि ती आली. तेव्हापासून दर वेळी जाते, दर वेळी मी ये म्हणते, आणि येते. माझं ऐकतेय रे ती. जन्मात कधी माझं ऐकलं नाही, आता ऐकतेय."

खाटेवरून श्वासाचा आवाज येत होता. प्रत्येक श्वास लाकूड ओढत आणल्यासारखा.

"ती दारापाशी काय शोधते?" मी विचारलं. विचारताना माझाच आवाज मला परका वाटला.

"चपला. मी कपाटात लपवल्यात."

मग शुक्रवारी मावशी मला जे म्हणाली ते मी तिला सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं. पण ते मी माझ्यापाशी ठेवायचा मला काय अधिकार होता? माया ऐकत राहिली. 'दमलंय मी' हे शब्द आले तेव्हा तिनं दोन्ही कानांवर हात घेतले, आणि मग हळूच काढले.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "आज नाही."

"मी सप्लाय बदलू का?"

"नको. तू घरी जा."

७

रविवारी सकाळी अकराला फोन आला. "ये," ती म्हणाली, आणि लगेच, "म्हणजे, येऊन जा. एकटीला होणार नाही."

गेलो तर घर झाडून पुसून लख्ख. मावशीला मायानं न्हाऊ घातलं होतं. अंगावर हिरवं, काठाचं लुगडं, केसांत तेल. दार सताड उघडं. उंबऱ्यापाशी जुन्या तपकिरी चपलांची जोडी, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवलेली.

स्क्रीनवर ओढणी नव्हती. माया खाटेवर आईचा हात हातात घेऊन बसली होती. मला म्हणाली, "तू त्यात बघ. मला सांगू नको. फक्त मी वेळेवर बोलले की नाही तेवढं बघ."

मी टेबलापाशी बसलो. लोगो होता, ठिपके फिरत होते. पाठीमागं श्वास थांबला.

खट्.

काळ्या स्क्रीनमध्ये मावशी आधीच उभी होती. खाटेजवळ, मायाच्या डोक्यावर हात ठेवून. माया खाली, आडव्या पडलेल्या आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. डोक्यावर हात आहे हे तिला कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण तिनं मान किंचित वर उचलली होती.

"आये," माया म्हणाली.

मावशी दाराकडे वळली होती. थांबली.

मला मायाचा श्वास ऐकू येत होता. पुढचा शब्द काही निघेना. मराठी माणसाच्या तोंडातून आपल्या माणसासाठी तो शब्द निघतच नाही. कोणी घराबाहेर पडलं तर आपण 'ये' म्हणतो, 'सांभाळून ये' म्हणतो, रागानं बोललो तरी मागून पाण्याचा घोट घ्यायला लावतो. सेकंदं जात होती. दारात मावशी उभी होती, पाठमोरी, आज्ञा मिळायची वाट बघणाऱ्या पोरीसारखी.

"आये, जा," माया म्हणाली.

मावशीनं चपला घातल्या.

त्या मजल्यावर पॅसेजमध्ये खिडकी नाही. माणूस चालू लागला की डोक्यावरचा दिवा आपोआप पेटतो. मी स्क्रीनमधून नजर काढली आणि खुर्ची वळवून खऱ्या दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. चपला होत्या तिथंच होत्या, पण दाराबाहेरचा दिवा पेटला होता. मग त्याच्या पुढचा पेटला. मग तिसरा. लिफ्टच्या दिशेला नाही, जिन्याच्या. तिसऱ्या दिव्याखाली ते थांबलं. चौथा पेटेना.

मायानंही पाहिलं होतं. आईचा हात तिनं सोडला नव्हता.

"मागं बघू नको गो," ती मोठ्यानं म्हणाली, पॅसेजभर ऐकू जाईल अशी. रडत नव्हती. "मी जेवते वेळेवर. तू जा."

चौथा दिवा पेटला. त्याच क्षणी मला दिसलं, जिन्याच्या वळणावर, जिथं पाचवा दिवा असतो तिथं, आधीच उजेड होता. तो आधीपासून पेटलेला होता. तिथं कोणीतरी उभं असल्याशिवाय तो पेटत नाही. भिंतीवर मला एक सावली दिसली, बहुधा दोन. मी नीट बघेपर्यंत सगळे दिवे एकामागून एक विझले.

कॉम्प्युटर चालू झाला नाही. मी तासभर वाट पाहिली. ऑक्सिजनचं मशीन मायानं स्वतःच्या हातानं बंद केलं, तेव्हा साडेबारा झाले होते.

८

कंपनी तिच्यासाठी दोन आठवडे थांबली. मशीन मी नेऊ का, दुसरं जोडून देऊ का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली. कामाच्या पहिल्या सकाळी तिनं बटण दाबलं आणि ते एका दमात सुरू झालं. लोगो, ठिपके, आणि मग हिरव्या डोंगराचं ते चित्र, जे त्या घरात तोवर कोणी पाहिलंच नव्हतं.

मी अजूनही कॉम्प्युटर जोडतो. कोणाचं मशीन रीस्टार्ट होत असलं की रॅम बघतो, सप्लाय बघतो, बटण बघतो, आणि खोट सापडते. दर वेळी सापडते. तरी घरात आजारी माणूस आहे का, हे मी हल्ली आधी विचारून घेतो. लोकांना वाटतं, लवूदादा काळजीवाहू माणूस आहे.

दोन महिन्यांनी माया दादरला भेटली, फुलं घेत होती. जरा भरली होती अंगानं. मी न राहवून विचारलं, "मशीन परत कधी बंद पडलं नाही ना?"

"एकदाच," तिनं शेवंतीचा वाटा पिशवीत ठेवत सांगितलं. "गेल्या सोमवारी, दुपारी. मला ताप होता, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. काम चालू असताना खट् झालं."

"मग?"

"मग काय. स्क्रीनकडे बघितलं नाही. उठले, कुकर लावला. भात झाला तसा ताटात घेऊन दारासमोर बसले, दार उघडं टाकून, आणि शेवटच्या शितापर्यंत जेवले." ती फुलवालीकडे वळली, परत माझ्याकडे वळून म्हणाली, "ताट धुऊन ठेवलं तेव्हा बाहेरचा दिवा विझला."